विजयदुर्गचा हेलियम : एका प्रचलित कथनाची चिकित्सा

सूर्यासारख्या ताऱ्यांच्या रासायनिक घडणीविषयी मराठीत जे लोकप्रिय विज्ञानलेखन आढळते, त्याचा आरंभ अनेकदा विजयदुर्गापासून होतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी या किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे त्यात ठामपणे सांगितले जाते. हे कथन पुराव्यावर टिकत नाही. त्या वर्षी लॉकयर इंग्लंडमध्ये होते. २० ऑक्टोबर रोजी त्यांनी ग्रहणाविनाच सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला व त्यात ती पिवळी रेषा त्यांना आढळली. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे रॅम्से यांनी पृथ्वीवर हेलियम मिळविल्यानंतर तीन वर्षांनी. १८६८ ची भारतातील निरीक्षणे पाहावयाची तर यान्सेन यांच्या गुंटूरकडे, किंवा आपल्याच कृष्णाखोऱ्यातील जमखिंडीकडे वळावे लागते. तेथे लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी त्या दिवशी ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या होत्या. जमखिंडीचा उल्लेख मात्र प्रस्तुत लेखकाच्या वाचनात क्वचितच आला.

तारखेची चूक दुरुस्त करता येईल. अधिक गंभीर बाब अशी की, रेषा दिसली म्हणजे घटकाचे प्रमाण कळले, असा समज या कथनातून दृढ होतो. ही पिवळी रेषा शोषणरूपात उमटण्यासाठी हेलियमचा अणू आधी सुमारे २१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतका उत्तेजित असावा लागतो, आणि सुमारे ५,८०० केल्विन तापमानाच्या सूर्यपृष्ठावर असे अणू नगण्य असतात. म्हणून विपुल असूनही हेलियम सूर्याच्या नेहमीच्या दृश्य वर्णपटात जवळजवळ दिसतच नाही. उलट लोहाच्या रेषा शेकड्यांनी दिसतात, पण तेवढ्यावरून सूर्य लोहाचा ठरत नाही. मेघनाद साहा यांच्या १९२० च्या आयनीभवन सूत्राचा आधार घेऊन सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये ताऱ्यांतील हायड्रोजनचे प्राबल्य दाखविले, ते हा भेद ओळखल्यामुळेच.

सूर्यातील हेलियमचे विश्वसनीय प्रमाण मिळाले ते सूर्याच्या कंपनांवरून. सर्बानी बसू आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एच. एम. अंतिया यांनी २००४ मध्ये बाह्य थरांसाठी वस्तुमानाच्या सुमारे २५ टक्के हे मूल्य दिले. वर्णपटावरून काढलेले जड मूलद्रव्यांचे एकूण प्रमाण १९९८ मध्ये सुमारे १.७ टक्के मानले जात होते. २००९ मध्ये ते १.३४ टक्क्यांवर आले, आणि कंपनांची साक्ष या नव्या आकड्याशी जुळेना. हा वाद अद्याप मिटलेला नाही. इतर सूर्यसदृश ताऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तर हेलियमचे प्रमाण मोजले जात नाही, ते प्रतिमानात गृहीत धरले जाते.