नादाचे चित्र आणि नादाचे नाव : बर्नी क्राउस यांच्या एका ध्वनिकृतीच्या निमित्ताने

नित्य व्यवहारातील आणि निसर्गातील ध्वनी मुद्रित करून त्यांना चलच्चित्राची जोड द्यावयाची, या कलाप्रकाराची चर्चा बहुधा तंत्राच्या अंगाने केली जाते. ध्वनिग्राहक कोणता, तो कोठे ठेवावा, मुद्रित तुकडे कसे जोडावेत, हे प्रश्न गौण आहेत असे नव्हे. परंतु ते कारागिराचे प्रश्न होत. समीक्षेचा प्रश्न त्यांच्या अलीकडचा आहे : ध्वनीला चित्र जोडले असता त्या ध्वनीचे काय होते ?

भाषेच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. मराठीत ‘घरघर’ हा नादानुकारी शब्द आहे. ही घरघर जात्याची असेल, यंत्राची असेल किंवा मरणासन्न माणसाच्या घशातील असेल. शब्द नाद देतो, नादाचा उगम मोकळा ठेवतो. याउलट ‘हंबरणे’, ‘आरवणे’, ‘खिंकाळणे’ ही क्रियापदे पाहावीत. येथे उगम नादाला इतका चिकटलेला आहे की, ऐकणाऱ्याच्या मनात आधी गाय उभी राहते आणि मग, राहिलाच तर, तिचा स्वर. ध्वनीला जोडलेले चित्र बहुतेक वेळा या दुसऱ्या वर्गातील क्रियापदांचे काम करते. पडद्यावर कोंबडा दिसला की ऐकणे संपले; उरते ती केवळ ओळख पटल्याची खूण.

मिशेल शियों यांनी 1990 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चित्रपटाच्या संदर्भात हेच तत्त्व अधिक काटेकोरपणे मांडले. एकाच क्षणी घडणारे ध्वनी आणि दृश्य मनात आपोआप सांधले जातात. तो ध्वनी त्या वस्तूचा नसला तरीही सांधले जातात. या सांध्यावरच चित्रपटाचा सारा व्यवसाय चालतो. ध्वनिकलेला मात्र तो घातक ठरतो. वॉल्टर रुटमान यांनी 1930 साली ‘वीकएंड’ या कृतीत चित्रफितीवर केवळ ध्वनी ठेवला आणि चित्र काढूनच टाकले. शनिवारी काम सुटल्यापासून सोमवारी ते पुन्हा सुरू होईपर्यंतचे बर्लिन त्यात सुमारे 11 मिनिटांत ऐकू येते. 1927 मध्ये याच शहराचा सुप्रसिद्ध दृश्यपट निर्माण करणाऱ्याने हे करावे, हे लक्षणीय आहे. तथापि हा संन्यास झाला. संसारातील प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

तसे उत्तर देण्याचा एक गंभीर प्रयत्न म्हणजे 2016 साली पॅरिस येथील कार्तिए प्रतिष्ठानात मांडली गेलेली ‘द ग्रेट ॲनिमल ऑर्केस्ट्रा’ ही कृती. बर्नी क्राउस यांनी 1968 पासून अरण्यांत व समुद्रांत केलेली ध्वनिमुद्रणे तिचा पाया आहेत. दृश्य भाग लंडनच्या युनायटेड व्हिज्युअल आर्टिस्ट्स या कलासमूहाचा आहे. हे दृश्य प्राण्याचे नाही, झाडाचे नाही, नदीचेही नाही. प्रेक्षकाला वेढणाऱ्या भिंतींवरून सरकत जातात ते ध्वनिलेख : आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर कंप्रता आणि तेजाच्या कमीअधिकपणात ध्वनीची तीव्रता. चित्र येथे ध्वनीचा उगम सांगत नाही, त्याची घडण दाखविते.

ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे साधन परके नाही. 1940 च्या दशकात बेल प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या या यंत्राने मानवी बोलण्याचे चित्र प्रथमच सुलभ झाले, आणि त्याबरोबरच लिपीने जोपासलेला एक भ्रमही ढळला. लेखनात सुटे दिसणारे वर्ण ध्वनिलेखात एकमेकांत मिसळलेले आढळले. दोन शब्दांमधील जी जागा कान हमखास ऐकतो, ती तेथे बहुधा नसतेच. क्राउस यांच्या कृतीत नेमके उलट घडते. ज्याला कान ‘किलबिल’ म्हणून एका शब्दात गुंडाळून टाकतो, ते भिंतीवर निरनिराळ्या थरांत उकलते. कीटकांचा पट्टा वर, बेडकांचा खाली, मधल्या मोकळ्या जागेत एखाद्या पक्ष्याची नागमोडी रेघ. प्रत्येक जीव इतरांनी मोकळी ठेवलेली कंप्रता वा वेळ व्यापतो, हे क्राउस यांचे गृहीतक यातूनच आले. स्वनिमांच्या परस्परभेदाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु स्वनिमांतील भेद अर्थभेदासाठी असतो, अरण्यातील भेद एकमेकांखाली दबून न जाण्यासाठी. हे साम्य फार ताणू नये. शिवाय सर्व अधिवासांना हे गृहीतक सारखेच लागू पडते, असेही मानण्याचे कारण नाही.

या पद्धतीचे खरे मोल क्राउस यांनीच नोंदविलेल्या एका उदाहरणात आहे. कॅलिफोर्नियातील लिंकन मेडो येथे त्यांनी 1988 मध्ये पहाटेचे ध्वनी मुद्रित केले. त्यानंतर तेथे निवडक वृक्षतोड झाली. वर्षभराने ते त्याच जागी परतले. डोळ्यांना, आणि कॅमेऱ्यालाही, कुरण पूर्वीसारखेच दिसत होते. ध्वनिलेखात मात्र पक्ष्यांच्या दाट रेघांच्या जागी ओढ्याचा आवाज आणि एका सुतारपक्ष्याची टकटक एवढेच उरले होते. त्या मुद्रणाला कुरणाचे हिरवे छायाचित्र जोडले असते, तर चित्राने ध्वनीच्या विरुद्ध खोटी साक्ष दिली असती. आणि माणूस डोळ्याच्या साक्षीवर अधिक विश्वास ठेवतो.

असे असूनही या कृतीविषयी एक आक्षेप राहतोच. ध्वनिलेख हीसुद्धा एक लिपी आहे. काळाची बारीक फोड हवी असेल तर कंप्रतेची सूक्ष्मता सोडावी लागते, आणि कंप्रतेची हवी असेल तर काळाची. कोठे तडजोड करावयाची हे यंत्र नव्हे, माणूस ठरवितो. अंतर तर या चित्रात दिसतच नाही. जवळचा मंद स्वर आणि दूरचा मोठा स्वर यांची रेघ सारखीच उजळ असू शकते. कानाला अरण्यात पहिल्यांदा जाणवते ती खोली. तीच भिंतीवर सपाट होते. क्राउस यांचा कल मानवी आवाजापासून शक्य तितके दूर जाऊन मुद्रण करण्याकडे असतो. हे दूर जाणेही त्या उजळ रेघांत कोठे नोंदले जात नाही.

या दृष्टीने हिल्डेगार्ड वेस्टरकाम्प यांची 1989 ची ‘किट्स बीच साउंडवॉक’ ही चित्रविरहित कृती अधिक प्रामाणिक वाटते. व्हँकूवरच्या किनाऱ्यावरील बार्नकल या चिमुकल्या कवचधारी जीवांची चुटचुट ऐकवावयाची, तर मागे शहराचा घोष सतत चालू आहे. वेस्टरकाम्प स्वतःच्या आवाजात हे सांगतात, तो घोष ऐकता ऐकता चढवून दाखवितात, मग गाळून टाकतात, आणि गाळला हेही सांगतात. त्यांच्या कृतीत शब्द नादाला नाव चिकटविण्यासाठी येत नाही. ध्वनिग्राहक कोणी, कोठे आणि कशासाठी धरला होता, ते तो सांगतो. ध्वनिलेख कितीही देखणा झाला, तरी ही माहिती त्याच्या दोन्ही अक्षांबाहेरच राहते.