मॉरिशसचा 'चमत्कार' : एका आर्थिक आख्यानाची चिकित्सा

प्रास्ताविक

हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट मराठी वाचकाला सर्वसाधारणपणे दोन कारणांनी परिचित आहे. एक म्हणजे तेथील गणेशोत्सव व पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेला मराठी भाषक समाज, आणि दुसरे म्हणजे पर्यटन. या दोन्ही परिचयांत त्या बेटाचे राजकारण व अर्थकारण सहसा येत नाही. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढे आहे. तथापि या लहानशा भूमीवर जगातील नामवंत अर्थतज्ज्ञांनी व साहित्यिकांनी विपुल लेखन केले आहे. प्रारंभी या बेटाचे भवितव्य अंधकारमय ठरविले गेले. पुढे तेच बेट 'चमत्कार' म्हणून गौरविले गेले. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. आपला जिल्हा हा साखरेचा जिल्हा असल्याने ही चिकित्सा आपल्यासाठी केवळ परदेशाविषयीची माहिती ठरू नये, अशी अपेक्षा आहे.

ऊस आणि करारबद्ध मजूर

इंग्रजांनी १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून जिंकले. मात्र जमीन, भाषा व साखरमळे फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांकडेच राहिले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती गुलामांच्या मालकांना. गुलामांच्या हाती काहीही पडले नाही. त्यांच्या जागी १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर आणले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय पोर्ट लुई बंदरात उतरले. त्यांपैकी मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी भाषक होते. ज्या धक्क्यावर हे मजूर उतरले, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या मळ्यांच्या कडेच्या जमिनी तुकड्या-तुकड्यांनी विकल्या गेल्या व अनेक भारतीय कुटुंबे लहान ऊस-उत्पादक बनली. परंतु कारखाना मळेवाल्याचाच राहिला. येथे आपल्या जिल्ह्याशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. लोणी येथे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये जो सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यात ऊस पिकविणारा हाच कारखान्याचा सभासद-मालक होता. मॉरिशसमधील लहान उत्पादकाला हे स्थान लाभले नाही. त्यामुळे साखरेच्या उत्पन्नात वाटा मागण्याचा त्याचा व मजुराचा मार्ग कारखान्याच्या सर्वसाधारण सभेतून न जाता मतपेटीतून गेला. १९३६ मध्ये मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ मध्ये ऊस-उत्पादक व मजूर यांचा उद्रेक झाला. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हॅरेल येथे संपकरी मजुरांवर गोळीबार होऊन अंजली कुपेन या महिलेसह चार जणांचे प्राण गेले. १९४८ च्या निवडणुकीत मताधिकार रुंदावला व १९५९ मध्ये प्रौढ मतदान आले. मॉरिशसच्या पुढील आर्थिक इतिहासाची गुरुकिल्ली या घटनाक्रमात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मीड यांचे भाकीत

१९६१ मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्या नेतृत्वाखालील अहवाल प्रसिद्ध झाला. हिवतापाचे उच्चाटन झाल्याने मृत्युदर घसरला होता, लोकसंख्या झपाट्याने वाढत होती, निर्यात जवळजवळ सर्वस्वी साखरेवर अवलंबून होती आणि १९६० च्या चक्रीवादळाने बेट उद्ध्वस्त केले होते. या परिस्थितीत मीड यांना माल्थसचा सिद्धान्त प्रत्यक्षात उतरताना दिसला. पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे त्यांचे चुकलेले भाकीत हा अर्थशास्त्राच्या वर्गातील आवडता दाखला बनला.

परंतु हा दाखला अर्धवट आहे. मीड यांनी केवळ भाकीत केले नव्हते, उपायही सुचविले होते. कुटुंबनियोजन, श्रमप्रधान उद्योग आणि वेतनवाढीवर संयम ठेवून गरिबांना राज्याकडून साहाय्य, हे त्यांतील प्रमुख उपाय होत. १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला तेव्हा यातील बरेचसे अमलात आले, हे विसरता येत नाही. म्हणजेच मीड यांचे निदान खोटे ठरले असे म्हणण्यापेक्षा, रोग्याने औषध घेतले असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. मात्र ते औषध घेणे शक्य का झाले, या प्रश्नाचे उत्तर मीड यांच्या चौकटीत मिळत नाही. वृद्धांना सार्वत्रिक निवृत्तिवेतन १९५८ मध्येच, म्हणजे अहवालापूर्वी, लागू झाले होते. ते अर्थतज्ज्ञांच्या सल्ल्याने आलेले नसून मताधिकार मिळालेल्या मजुरांच्या राजकारणातून आले होते.

नायपॉल यांची निराशा

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी व्ही. एस. नायपॉल यांनी या बेटावर 'दि ओव्हरक्राउडेड बॅराकून' हा निबंध लिहिला. बॅराकून म्हणजे गुलामांना डांबून ठेवण्याची कोठी. बेकार तरुणांचे त्यांनी केलेले चित्रण त्या काळापुरते खरे होते. १९६८ च्या जानेवारीत दंगली झाल्या होत्या. १२ मार्च १९६८ रोजी मिळालेल्या स्वातंत्र्यालाही सुमारे ४४ टक्के मतदारांचा विरोध होता. १९७१ मध्ये संपांमुळे आणीबाणी पुकारली गेली व निवडणूक १९७६ पर्यंत लांबली. परंतु नायपॉल यांच्या लेखनात बेटावरील माणूस प्रामुख्याने वाट पाहणारा दिसतो, संघटना बांधणारा दिसत नाही. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या मॉरिशस लढाऊ चळवळीने, म्हणजे पॉल बेरांजे यांच्या पक्षाने, याच तरुणांना एकत्र आणले व १९८२ मध्ये आघाडी करून मुख्य बेटावरील सर्व ६० जागा जिंकल्या. विशेष म्हणजे सत्तांतर शांततेने झाले, आणि डाव्या विचारांच्या बेरांजे यांना अर्थमंत्री या नात्याने काटकसरीचेच धोरण राबवावे लागले. पुढच्याच वर्षी आघाडी फुटली. तरीही निवडणुकीची परंपरा खंडित झाली नाही.

'चमत्कारा'चा हिशेब

१९८० च्या दशकात तयार कपड्यांचे कारखाने झपाट्याने वाढले व दशकाच्या अखेरीस सुमारे ९० हजार लोक त्यांत काम करू लागले. येथून 'चमत्कार' हा शब्द रूढ झाला. अरविंद सुब्रमणियन व देवेश रॉय यांनी २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसाठी लिहिलेल्या शोधनिबंधात या चमत्काराचा उलगडा कोणत्या सिद्धान्ताने होतो, याचा शोध घेतला. खुला व्यापार हे एकच कारण पुरेसे नाही, युरोपातील सवलतीची बाजारपेठ व देशातील संस्था यांचा वाटा मोठा होता, हे त्यांचे प्रतिपादन महत्त्वाचे आहे. २०११ मध्ये जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी मोफत शिक्षण व आरोग्यसेवा यांकडे लक्ष वेधून श्रीमंत राष्ट्रांनीही या बेटाकडून शिकावे, असे सुचविले.

ही विवेचने मौलिक असली तरी तीन बाबी 'चमत्कार' या शब्दाआड दडतात.

पहिली बाब सवलतीच्या उत्पन्नाची. १९७५ च्या साखर करारानुसार मॉरिशसला दरवर्षी सुमारे ५ लाख टन साखर युरोपात हमीभावाने विकता येत असे. हा भाव बहुतेक वर्षे जागतिक भावापेक्षा बराच अधिक असे. या उत्पन्नावर निर्यातकर बसविला गेला व त्याचा मोठा भार मोठ्या उत्पादकांवर होता. फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांची मालमत्ता अबाधित राहिली आणि त्या बदल्यात उत्पन्नाचा काही भाग शिक्षण व निवृत्तिवेतनाकडे वळला. हा चमत्कार नसून सौदा होता. १९८० च्या दशकात आलेला भारताशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार हाही सवलतीच्या उत्पन्नाचाच प्रकार होय. भारतात येणाऱ्या परकीय भांडवलाचा फार मोठा हिस्सा या बेटावरून येत राहिला. २०१६ मध्ये करारात दुरुस्ती झाली व १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या समभागांवरील भांडवली नफ्यावर भारतास कर लावता येऊ लागला.

दुसरी बाब श्रमाची. कपड्यांच्या कारखान्यांतील कामगार बहुसंख्येने स्त्रिया होत्या आणि प्रारंभीच्या काळात त्यांचे कायदेशीर किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठेवले होते. आफ्रिकी गुलामांचे वंशज असलेला क्रेओल समाज समृद्धीच्या कडेलाच राहिला. १९९९ मध्ये काया या गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाल्यावर उसळलेल्या दंगलींनी ते जगापुढे आणले.

तिसरी बाब सर्वांत गंभीर आहे. १९६५ मध्ये, स्वातंत्र्यापूर्वी, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला व ३० लाख पौंड दिले. दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून १९६८ ते १९७३ या काळात तेथील सर्व रहिवाशांना हलविण्यात आले. त्यांपैकी बहुतेक जण पोर्ट लुईच्या दरिद्री वस्त्यांत येऊन पडले. राष्ट्राच्या यशाचा ताळेबंद मांडताना हा खर्च कोणाच्या खाती लिहायचा, हा प्रश्न 'चमत्कारा'च्या अभ्यासकांनी क्वचितच विचारला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे विभाजन बेकायदेशीर असल्याचे मत दिले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी सार्वभौमत्व हस्तांतरणाच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. मात्र दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राखून ठेवण्याची त्यात तरतूद आहे. अनेक चागोसवासीयांची तक्रार अशी की, त्यांच्या घराविषयीच्या या वाटाघाटींत त्यांना स्थान नव्हते. मजुरांना मताधिकार मिळाल्यावर जे घडले, ते या लोकांच्या बाबतीत घडू शकले नाही, कारण त्यांना कोणी विचारलेच नाही.

सवलती संपल्यानंतर

२००५ मध्ये कापड-व्यापारातील कोटापद्धती संपली व हजारो रोजगार गेले. युरोपने साखरेच्या हमीभावात ३६ टक्के कपात केली व २००९ मध्ये साखर करार संपुष्टात आला. यानंतर कारखान्यांचे एकत्रीकरण होऊन मोजकेच उरले. चिपाडापासून वीजनिर्मिती व शुद्ध साखर यांवर भर आला. मोठे उद्योगसमूह तरले. लहान उत्पादकांपैकी अनेकांनी ऊस सोडला. मताधिकाराने साखरेच्या उत्पन्नाची वाटणी बदलली, परंतु कारखान्याची मालकी बदलली नाही, याचा परिणाम येथे दिसून येतो. आपल्याकडे मालकी सभासदांची आहे. परंतु मालकी कागदावर असणे व निर्णय हाती असणे यांतील अंतर सहकाराच्या अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको.

समारोप

मीड यांना लोकसंख्या दिसली, नायपॉल यांना कोठी दिसली व नंतरच्या अभ्यासकांना चमत्कार दिसला. या तिन्ही दृष्टींत अंशतः सत्य आहे. परंतु करारबद्ध मजुरांच्या वंशजांनी मताच्या बळावर परावलंबी अर्थव्यवस्थेच्या उत्पन्नात आपला वाटा मिळविला, हे मॉरिशसच्या इतिहासाचे मर्म होय. त्या वाट्यातून काही जण वगळले गेले, हेही तितकेच खरे आहे. परावलंबन संपले नाही, त्याची वाटणी बदलली. मॉरिशसमधील मराठी माणसाकडे केवळ आपली भाषा जपणारा दूरचा आप्त म्हणून न पाहता, या वाटणीच्या संघर्षातील एक सहभागी म्हणून पाहिले, तर आपल्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्र, इतिहास व मराठी या तिन्ही विभागांना एकत्र अभ्यासाचा विषय लाभेल, असे वाटते.