पाणीपुरवठा-सुधारणेच्या मराठीतील कर्ता

ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या सुधारणेविषयी गेल्या पाव शतकात पुष्कळ लिहिले गेले. परंतु ती सुधारणा ज्या मराठीतून गावापर्यंत पोचली त्या मराठीची चिकित्सा क्वचितच झालेली दिसते. महाराष्ट्र शासनाने 2000 साली मागणी-आधारित धोरण स्वीकारले. योजनेच्या भांडवली खर्चाचा दहा टक्के वाटा गावाने उचलावा, देखभाल-दुरुस्तीचा भार गावाने वाहावा, आणि सर्व व्यवहार पाणीपुरवठा समितीने पाहावा, अशी त्या धोरणाची स्थूल रूपरेषा होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2003 पासून चाललेला 'जलस्वराज्य' प्रकल्प याच विचाराचे अपत्य होय.

या रूपरेषेतील क्रियापदे पाहण्याजोगी आहेत. 'उचलावा', 'वाहावा', 'पाहावा' ही विध्यर्थी रूपे असून प्रत्येकापाशी तृतीयेतील कर्ता उभा आहे: गावाने, समितीने. शासनाचे कर्तव्य सांगावयाची वेळ आली की वाक्याचा साचा पालटतो. मार्गदर्शन करण्यात येईल, निधी उपलब्ध करून देण्यात येईल, योजना हस्तांतरित करण्यात येईल. येथे 'कडून' योजून कर्ता आणावयास व्याकरणाची मुळीच आडकाठी नाही. तो आणला जात नाही, इतकेच. हा एकंदर कार्यालयीन मराठीचाच दोष आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण तसे असते तर ग्रामस्थांची कर्तव्येही त्याच साच्यात आली असती. ती तशी येत नाहीत. कर्त्याचा लोप निवडक आहे. मोटार जळाली अथवा विजेचे देयक थकले की जाब कोणाला विचारावयाचा, हा प्रश्न तेथेच जन्मतो.

शब्दांची निवडही याच दिशेची आहे. 'वर्गणी' हा शब्द जत्रा, सप्ताह, गणेशोत्सव यांच्या परिसरातला. ती ज्याच्या त्याच्या ऐपतीने आणि राजीखुशीने द्यावयाची असते. सक्तीची वर्गणी हा एरवी निंदेचा विषय. 'लोकवर्गणी' मात्र योजना मिळण्याची अटच होती. उलट 'पाणीपट्टी' हा जुना, रोखठोक शब्द आहे. पट्टी बसविणारा आणि ती भरणारा असे दोन पक्ष त्यात स्पष्ट असतात व भरणाऱ्यास हिशेब मागता येतो. 'लाभार्थी' हा शब्द 'विद्यार्थी', 'शरणार्थी' यांच्या पंक्तीतला. त्यातील व्यक्ती लाभाची इच्छा धरून बसलेली आहे, तिचा हक्क त्यात कोठेच नाही. 'मागणी'विषयी काय बोलावे? अर्थशास्त्रातील मागणी आणि मुलीला घातलेली मागणी यांत मराठी माणूस सहसा गोंधळत नाही. परंतु पाण्याच्या बाबतीत ती अर्जविनंतीकडेच झुकते.

याउलट पाणीवाटपाची जी शब्दसंपदा गावानेच घडविली ती कर्त्यांनी भरलेली आहे. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांची फड पद्धती हे त्याचे ठळक उदाहरण. ती पिण्याच्या पाण्याची नव्हे, सिंचनाची व्यवस्था आहे, हे खरे. पण प्रश्न वाटपाचाच आहे. तेथे पाणी देणारा तो पाटकरी, पिकांची राखण करणारा तो जागल्या, त्यांच्यावर देखरेख ठेवणारा तो हवालदार. कामाचे नाव आणि माणसाचे नाव तेथे जवळजवळ एकच आहे.

तथापि या जुन्या शब्दसंपदेपुढे नतमस्तक होण्याचे कारण नाही. तिच्यातील 'गाव' सर्वांचे नव्हते. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा सांभाळलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तदनुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तळे जाहीर रीतीने खुले झाले, आणि पाणी कोणी घेतले नाही. कारण ठरावात ते घेऊ देण्याची हमी देणारा कोणी नव्हता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तळ्यावर गेले तेव्हा त्या वाक्याला प्रथम कर्ता मिळाला. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि न्यायालयीन निकाल लागावयास 1937 साल उजाडले. 'सार्वजनिक' या विशेषणाचा अर्थ कोशातून नव्हे, अशा रीतीने ठरला आहे. आजच्या 'गावाने' या तृतीयेत गावातील कोणकोण मोडतात, हे तपासल्यावाचून स्थानिक स्वराज्याचा गौरव करणे म्हणूनच घाईचे ठरेल.

2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत दरडोई दररोज 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे. त्यातील एक तरतूद मात्र वेगळ्या जातीची आहे. प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यावयाचे आहे. येथे कर्ता आहे, त्याची संख्या आहे, आणि काम नेमके आहे. त्या पाचजणींनी पाणी दूषित असल्याचे दाखविल्यावर ते शुद्ध कोण करणार, असे विचारले असता बहुधा कानी पडणारे उत्तर जुन्याच साच्यातले असते: योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.