‘एकच प्याला’ : व्यसन आणि दांपत्यसंबंध

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (प्रथम प्रयोग १९१९) या नाटकाची चर्चा बहुधा सिंधूच्या पातिव्रत्याभोवती फिरते. तथापि या नाटकात मद्यपींचे दोन संसार आहेत. सिंधू मुकाट्याने सोसते. तळीरामाची पत्नी गीता फटकळपणे प्रतिकार करते. तरीही सुधाकर व तळीराम दोघेही वाचत नाहीत. म्हणजेच पत्नीचा स्वभाव हे व्यसनाचे कारण नव्हे आणि औषधही नव्हे. व्यसनाची झळ मात्र तिच्या देहाला बसते. दळणे दळून संसार ओढणाऱ्या सिंधूचा अंत पतीच्या मारानेच ओढवतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने उपचारात कुटुंबीयांनाही सामावून घेतले. या दृष्टीने पाहता, सिंधूच्या सोसण्याला आदर्श मानणारी समीक्षा साहाय्याची गरज असलेल्या दुसऱ्या व्यक्तीलाच नजरेआड करते, असे म्हणावे लागते.