‘तेलक्षेत्रातील सांडपाणी’ : एका संज्ञेची चिकित्सा

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प ‘तेलक्षेत्रातील सांडपाणी’ हे नाव धारण करतात, तेव्हा गोंधळाचा उगम शीर्षकातच असतो. सांडपाणी म्हणजे वापरून सांडलेले पाणी. मुंबई हाय येथे १९७६ पासून निघणाऱ्या तेलाबरोबर वर येणारे पाणी मुळात भूस्तरातले आणि खारे. तेल रेटण्यासाठी आत सोडलेले समुद्रजलही पुढे त्यात मिसळते. त्यास ‘सहोत्पन्न जल’ म्हणणे अधिक युक्त.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. सांडपाणी म्हटले की घरगुती मैल्यावरील जीवाणूंची पद्धत आठवते. पण तीव्र क्षारतेत ते जीवाणू मंदावतात. ‘तेल काढणे’ हा प्रयोगही तितकाच सैल आहे. दौलताबादच्या हत्ती हौदासारख्या निश्चल जलाशयात मोठे थेंब आपोआप वर येतील. थेंबाचा व्यास दहापट घटला, की वेग मात्र शंभरपट घटतो, आणि विरघळलेले बेंझीन तर तरंगतच नाही. सागरी विहिरींच्या पाण्यासाठी भारतीय नियम शंभरांपैकी पंच्याण्णव निरीक्षणांत दर लिटरला ४० मिलिग्रॅम तेलाची मर्यादा घालतो. यातील ‘तेल’ तरंगते, पायसरूप की विरघळलेले, हे प्रबंधाच्या पहिल्या पृष्ठावर सांगितल्यावाचून यंत्राच्या कार्यक्षमतेच्या टक्केवारीस अर्थ प्राप्त होत नाही.