‘ख्वाडा’ चित्रपटातील प्रवास : एक चिकित्सा

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी अंतर्भागातून जाणारा रस्ता हा जागतिक चित्रपटात एक स्वतंत्र विषयच होऊन बसला आहे. ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट’ (१९९४) मध्ये सिडनीहून अ‍ॅलिस स्प्रिंग्जकडे बसने निघालेल्या कलावंतांना हाच रस्ता मोकळेपणा देतो. अशा चित्रपटांमागे एक गृहीत असते : भूमी ओसाड आहे, म्हणून ती सर्वांना खुली आहे. वस्तुतः ती तशी कधीच नव्हती. ‘कोणाचीही नसलेली जमीन’ ही वसाहतवादी कल्पना तेथील सर्वोच्च न्यायपीठाने माबो खटल्यात १९९२ साली फेटाळली.

मराठीत हे गृहीत उलटे करून दाखविणारी कलाकृती म्हणजे भाऊराव कऱ्हाडे दिग्दर्शित ‘ख्वाडा’ (२०१५). ‘ग्रामीण चित्रपट’ एवढ्या शिक्क्याने तिची बोळवण करणे अन्यायाचे आहे. रघू कऱ्हे या धनगराची जमीन वनखात्याकडे गेली आहे. कोर्टात दावा चालू आहे आणि कुटुंब मेंढरांमागे रानोमाळ फिरते आहे. येथे रस्ता म्हणजे मुक्ती नव्हे. जमीन हिरावल्याची ती शिक्षा आहे. रघूला (शशांक शेंडे) हवा आहे तो मुक्काम. धाकट्या बाळूला (भाऊसाहेब शिंदे) लग्न हवे आहे, म्हणजे पुन्हा मुक्कामच. ‘ख्वाडा’ हा ‘खोडा’ या शब्दाचा बोलीतील उच्चार. चालणाऱ्याच्या आड येणारा अडथळा.

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार आणि दौंड–नगर रस्त्याने सरकणारे मेंढरांचे कळप ज्याच्या परिचयाचे आहेत, त्या प्रेक्षकाला या चित्रपटातील अवकाश वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. तरीही कुकडी व घोडच्या कालव्यांखाली ऊस आला, तशी बारमाही पिकाखालच्या रानात मेंढरांना जागा उरली नाही. पूर्वी शेतकरी खतासाठी मेंढरे शेतात बसवून घेई व बदल्यात धान्य अथवा पैसे देई. रासायनिक खताने ती गरज कमी केली. उरलेल्या माळाचीही सरकारदरबारी ‘पडीक’ वा ‘राखीव’ अशी नोंद होत गेली. १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्यात श्रीगोंद्याचाही भाग होता. सारांश, माळ उजाड दिसतो, पण मेंढपाळाला पाय टेकावा तेथे कोणीतरी मालक निघतो. ज्या अहिल्यादेवींचे नाव या जिल्ह्याला २०२४ मध्ये देण्यात आले, त्या याच समाजात जन्मल्या, हा योगायोग येथे बोचल्याशिवाय राहत नाही.

चित्रपटाचे खरे सामर्थ्य ध्वनीत आहे. प्रत्यक्ष स्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वथा योग्य होय. मेंढरांचा कालवा, वारा, नगरी–शिरूरी बोलीतील तुटक संवाद यांमुळे माळ निर्जन वाटतच नाही. दृश्य जे रिकामे दाखविते ते ध्वनी भरून काढतो, आणि चित्रपटाचा युक्तिवाद नेमका येथेच सिद्ध होतो.

मात्र उत्तरार्धात चित्रपट स्वतःच्याच प्रश्नापासून ढळतो. गावाजवळ मुक्काम पडताच सरपंचाचा जाच सुरू होतो आणि संघर्ष व्यक्ती विरुद्ध व्यक्ती असा होऊन बसतो. अनिल नगरकर यांनी सरपंच प्रभावीपणे उभा केला आहे, हे खरे. पण जमीन हिरावली ती त्याने नव्हे. वनखाते, कज्जा, सातबारा ही चेहरा नसलेली सत्ता मागे पडते आणि प्रेक्षकाचा राग एका खलपुरुषावर खर्ची पडतो. पूर्वार्धाचा संयम पाहता ही तडजोड अधिकच खटकते.

या चित्रपटासाठी दिग्दर्शकाने स्वतःची शेतजमीन विकली, ही बाब समीक्षेने केवळ जिद्दीची कथा म्हणून सांगितली. भूमिहीनाची गोष्ट सांगण्याची किंमत जमिनीतच मोजावी लागली, याकडे मात्र तिचे लक्ष गेलेले दिसत नाही.