सैनिकांच्या स्तोत्रातील ‘मी’

सैनिकांच्या तोंडी असलेल्या भक्तिगीताचा विचार बहुधा दोन अंगांनी होतो : ते कोणत्या धर्माचे, आणि ते स्वदेशी की परकीय. गीतात कोण बोलतो व कोणाशी बोलतो, हा तिसरा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो.

दक्षिण कोरियात नोनसान येथील प्रशिक्षणकेंद्रात नवशिके सैनिक ‘सिलोआम’ हे ख्रिस्ती गीत मोठ्या आवाजात, ठेका धरून गातात. उलट हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे १८४७ मधील ‘अबाइड विथ मी’ हे स्तोत्र संथ आहे. विल्यम हेन्री मंक यांनी १८६१ मध्ये दिलेल्या चालीवर ते रूढ झाले. लय भिन्न असली तरी व्याकरण एकच आहे : बोलणारा ‘मी’, ऐकणारा ‘तू’. हजारोंच्या रांगेत ज्याचे नावही मागे पडते, त्या शिपायाला प्रथमपुरुषी एकवचन परत मिळते ते येथे.

गांधीजींचे हे आवडते स्तोत्र दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीच्या सूर्यास्तसमयी लष्करी वाद्यवृंद अनेक दशके वाजवीत असत. २०२२ साली ते वगळून ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची योजना झाली. १९६२ च्या युद्धातील हुतात्म्यांना उद्देशून कवी प्रदीप यांनी रचलेल्या या गीताची चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांची. त्याची योग्यता वादातीत आहे. परंतु त्यात संबोधन देशबांधवांना आहे आणि सैनिक तृतीयपुरुषी ‘ते’ झाला आहे. पहिल्या गीतात मरणाच्या छायेतील माणूस स्वतः बोलतो. दुसऱ्यात त्याच्याविषयी बोलले जाते. बदल केवळ चालीचा नव्हे, वक्त्याचा आहे.

परकीयत्वाचा आक्षेप उगमावरून घेतला जातो. पण उगम आणि वापर यांच्या वाटा नेहमी एक नसतात. मुंबई बेटाच्या हद्दीवरील ‘शीव’ हे नाव सीमावाचक, अस्सल मराठी; तरी आज कित्येक मराठी भाषकच ‘सायन’ म्हणतात. स्वदेशी शब्द जसा परका होतो, तसा परका स्वदेशी का होऊ नये?

तथापि एक उणीव मान्य करावी लागते. विजय चौकात स्तोत्राचे केवळ सूर वाजत. ज्यांना इंग्रजी शब्द ठाऊक, त्यांनाच त्यातील ‘मी’ ऐकू येई. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली. दिंडीत पावलांच्या तालावर गायिला जाणारा हा छंद मराठी माणसाच्या पायांतच मुरलेला. त्यामुळे त्यांची भजने गाणाऱ्याला दुभाषी लागला नाही. लाइट यांच्या स्तोत्राला त्या सोहळ्यात असे भाषांतर लाभले नाही. त्याचे परकेपण धर्मातून आलेले नसून या मौनातून आलेले आहे. आणि त्या मौनामुळेच ते वगळले गेले तेव्हा त्यातील ‘मी’ गेल्याची खंत फार थोड्यांना वाटली.